तोरिगासे, सकाळी आठ चौदा

कमलाकर आगाश्यांनी आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती आणि त्यांच्या स्टेशनातून एकही गाडी उशिरा सुटली नव्हती. दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान होता आणि त्यांच्या बायकोला, रेखाताईंना, दोन्हींचा सारखाच वैताग.

स्टेशनचं नाव तोरिगासे. खरं तोरिगासे जपानात, ओसाकाच्या उपनगरात. कमलाकररावांचं तोरिगासे लंडनच्या कडेला पिनरमध्ये, घराच्या गॅरेजात; सोळा फूट लांब, अडीच फूट रुंद, माणसं नखाएवढी. गेली नऊ वर्षं आगाश्यांची मोटार रस्त्यावर भिजत उभी होती, कारण गॅरेजात दुसऱ्याच गाड्यांची गर्दी झाली होती.

आणि आता मार्चातल्या एका शनिवारी, सकाळी दहा वाजता, चर्चच्या हॉलमध्ये ते स्टेशन चार तुकडे जोडून पुन्हा उभं राहिलं होतं. मॉडेल रेल्वे क्लबचं वार्षिक प्रदर्शन उघडायला अर्धा तास होता. दाराबाहेर रांग लागली होती, आतल्या खिडकीत चहाचं मोठं भांडं उकळत होतं, आणि तेवढ्यात रेखाताईंच्या पर्समध्ये फोन वाजला. प्रणवचा.

"काकू, काका फोन उचलत नाहीयेत. सॉरी, सॉरी, सॉरी! आमचं प्रॉडक्शन डाऊन आहे, मी ऑन-कॉल आहे, मॅनेजर डोक्यावर बसलाय. लंचपर्यंत लॅपटॉपसमोरून हलताच येणार नाही मला. प्लीज, काकांना तुम्ही सांगा ना."

प्रणव मूळचा नागपूरचा, राहायला हॅरोत, नोकरी सॉफ्टवेअरची. तोरिगासे चालवायला दोन माणसं लागतात. दुसरा माणूस तो. तीन महिने दर रविवारी तो गॅरेजात येऊन तालीम करत होता आणि रेखाताई दोघांना पोहे आणि चहा पुरवत होत्या.

"बरं, तू तुझं काम बघ," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. पण आजच्या दिवसावर काय टांगलेलं आहे, ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

गोष्ट अशी होती. पिनरचं घर विकलं गेलं होतं. पाच एप्रिलला दोघं मेडनहेडला, मुलगी देविका राहते तिच्याजवळ, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जाणार होती. तिथे सोळा फुटांचं स्टेशन ठेवायचं तर पलंग आणि जेवणाचं टेबल दोन्ही बाहेर काढावं लागलं असतं. राहता राहिली क्लबची खोली. तिथे एकाच स्टेशनापुरती जागा शिल्लक होती, आणि तिच्यावर दोघांचा डोळा: कमलाकररावांचा, आणि वेल्समधल्या दगडखाणीचं देखणं छोटं स्टेशन बनवणाऱ्या बॅरीचा. बॅरीच्या स्टेशनात नऊ मिनिटांनी एक गाडी यायची आणि ती नाही आली तरी कुणाचं काही बिघडायचं नाही. क्लबच्या सभेत कमलाकररावांनी हे सगळ्यांदेखत बोलून दाखवलं. एवढ्यावर थांबतील तर ते आगाशे कसले! टेबलावर हात आपटून म्हणाले, "मी सकाळच्या गर्दीचा अख्खा तास चालवून दाखवतो. साडेसात ते साडेआठ, अठ्ठावन्न गाड्या. एक जरी गाडी दहा सेकंदांहून जास्त उशिरा सुटली, तर जागा बॅरीची." क्लबचा सेक्रेटरी ग्रॅहम शांत माणूस. त्याने ते वाक्य जसंच्या तसं सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतलं.

घरी येऊन कमलाकररावांनी एक नवी करवत आणली आणि गॅरेजात खिळ्याला टांगली. हरलो तर स्टेशन कुणाला देणार नाही, तुकड्यातुकड्यांनी विकणार नाही, स्वतःच्या हातांनी कापणार. पडलो तरी नाक वर, अशातला तो माणूस. रेखाताईंनी ती करवत दोनदा लपवली आणि दोन्ही वेळा ती पुन्हा खिळ्यावर आली.

आता त्या हॉलमध्ये कमलाकररावांजवळ गेल्या. ते गुडघ्यांवर बसून टेबलाखालची शेवटची वायर जोडत होते.

"अहो, प्रणव येत नाहीये."

कमलाकरराव टेबलाखालून बाहेर निघाले, घडीच्या खुर्चीवर बसले आणि पांढरे हातमोजे बोटाबोटाने काढू लागले. "संपलं," एवढंच म्हणाले. बहात्तर वर्षांचा माणूस, पण चेहरा असा झाला की रेखाताईंना बघवेना.

"मी बसते प्रणवच्या जागी," त्या म्हणाल्या.

"तू?"

त्या एका अक्षरात चव्वेचाळीस वर्षांचा संसार होता. रेखाताईंना असा काही राग आला की भीती वगैरे कुठल्या कुठे पळाली. "हो, मी. सात एकतीस, लोकल, एक नंबर. सात तेहतीस, एक्स्प्रेस, दोन नंबर. ती सुटल्यावर सात चौतीसला लोकल सोडायची. सात छत्तीस, पाच नंबरला डोंगराकडची गाडी. पुढचं म्हणून दाखवू? तीन महिने पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होते, बहिरी नव्हते."

कमलाकररावांनी प्रणवचे हातमोजे पुढे केले.

मोजे फारच मोठे होते. रेखाताईंनी पर्समधले केसांचे रबर काढून मनगटावर अडकवले.

तोरिगासेचा इतिहास त्यांना नको इतका पाठ होता. १९११ साली नदीकाठी एक रूळ आणि एक लाकडी शेड, सोया सॉसची पिंपं चढवायला. १९२८ साली दुसरा रूळ, पलीकडे दुसरा फलाट आणि रस्त्यावर फाटक. युद्धानंतर डोंगराकडची छोटी लाइन येऊन मिळाली. मग गाव वाढत वाढत शहराला चिकटलं, गाड्या इतक्या झाल्या की फाटक उघडायची वेळच येईना, माणसं फाटकाशी उभी राहून म्हातारी व्हायला लागली. शेवटी ठरलं की अख्खं स्टेशन उचलून पुलावर न्यायचं. पूल बांधायला सहा वर्षं लागली. पण गाड्या जुन्या रुळांवरून नव्या पुलावर नेल्या त्या १९८८ च्या एप्रिलमध्ये, शेवटची गाडी गेल्यापासून पहिली गाडी येईपर्यंतच्या साडेतीन तासांत. सहाशे माणसं त्या कामावर होती. पहिली लोकल नव्या फलाटाला लागली ती ठरलेल्या वेळेला. त्या सहाशेंमध्ये एक आगाशे होते. त्यांच्या इथल्या कंपनीने त्यांना सिग्नलच्या कामासाठी दोन वर्षं तिकडे पाठवलं होतं.

हा सगळा इतिहास कमलाकरराव पाहुण्यांना सांगत. त्यातला एक तुकडा मात्र सांगत नसत. त्याच एप्रिलमध्ये रेखाताई तीन वर्षांच्या देविकाला घेऊन जपानला जाणार होत्या. व्हिसा झाला होता. त्यांनी एक निळा कोट घेतला होता, गुडघ्यापर्यंतचा, मोठ्या बटणांचा, आणि तो घालून, बॅग हातात धरून काढलेला फोटो नवऱ्याला पाठवलाही होता. मग त्यांचा फोन आला. "काम निघालंय. पुढच्या महिन्यात बघू." पुढचा महिना काही आला नाही. कमलाकरराव वर्षभराने परत आले ते तीन वह्या आणि स्टेशनचा नकाशा घेऊन. त्यावर दोघं कधी बोललेच नाहीत. कोट चार हिवाळे वापरून रेखाताईंनी चॅरिटी शॉपमध्ये देऊन टाकला.

"बस," कमलाकरराव म्हणाले. "आधी लेआउट डोळ्याखालून घाल. पश्चिमेचं टोक तुझं."

रेखाताई बसल्या. नऊ वर्षांत त्या या खुर्चीत कधी बसल्या नव्हत्या. समोर पुलावर दोन लांब फलाट, प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना रूळ. कडेचे एक आणि चार नंबर लोकलचे, मधले दोन आणि तीन एक्स्प्रेसचे. खरी गंमत तिथेच होती. लोकल येऊन थांबते, त्याच फलाटाच्या दुसऱ्या अंगाला एक्स्प्रेस येते, घाईची माणसं चार पावलं टाकून तिच्यात चढतात, एक्स्प्रेस पुढे काढली की मागून लोकल सोडायची. यातल्या एकीने जरी वेळ चुकवली तरी मागचं सगळं गुंतत जातं. टोकाला पाच नंबर, डोंगराकडच्या दोन डब्यांच्या गाडीचा. पुलाखाली नूडल्सचा ठेला, चपला दुरुस्त करणारा, फुलवाली आणि तीनशे बारा सायकली. फलाटांवरची दोनशे चाळीस माणसं रेखाताईंनी स्वतः रंगवली होती, टीव्हीसमोर बसून, सगळ्यात बारीक ब्रशाने. एकेकाला त्या ओळखत होत्या.

"आणि बोलायचं," कमलाकरराव म्हणाले. "बोट रोखायचं आणि मोठ्याने बोलायचं. मनातल्या मनात नाही."

ही जपानी रेल्वेची रीत. ड्रायव्हर असो, गार्ड असो, सिग्नलकडे सरळ बोट रोखतो आणि जे दिसतं ते खणखणीत आवाजात म्हणतो, एकटा असला तरी. डोळा, हात, तोंड आणि कान चौघांना एकाच कामाला जुंपलं की चूक व्हायला जागा राहत नाही. घरात प्रत्येक प्रश्नाला "हं" म्हणणारा आपला नवरा गॅरेजात मात्र पूर्ण वाक्यं बोलतो, याचं रेखाताईंना कायम नवल वाटे. पण रीत त्यांना नवीन नव्हती. सव्वीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या फार्मसीत काढली होती. बाटली हातात घ्यायची, लेबलावर बोट ठेवायचं, पेशंटचं नाव, औषध, डोस, तारीख. मग दुसऱ्याने पुन्हा तपासायचं आणि मगच सही.

"एक नंबर, पॉइंट सरळ, ठीक!" त्यांनी हात लांब करून म्हणून बघितलं. पॉइंट म्हणजे रुळांचा सांधा, गाडीला या रुळावरून त्या रुळावर नेणारा. आवाज हॉलभर गेला. बॅरीने आपल्या दगडखाणीवरून मान वर केली.

"छान," कमलाकरराव म्हणाले, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकले.

वीस मिनिटं त्यांनी तालीम केली. साडेदहाला दारं उघडली. मेडनहेडहून देविका आली ती आईच्या हातांत पांढरे मोजे बघून दारातच थबकली. इथेच वाढलेली, तिचं मराठी मोडकंतोडकं. "आई! तू चालवणार? ओ माय गॉड, बाबाची स्टेशन? तुझी डबा मी गाडीत विसरला, पण जाऊ दे, मी इथून हलणार नाही!" आणि खरंच ती पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली.

अकराला दोन मिनिटं कमी असताना ग्रॅहम आला. हातात स्टॉपवॉच आणि छापील वेळापत्रक. स्टेशनच्या कोपऱ्यात कमलाकररावांनी शोभेला एक पेटी ठेवली होती, तिच्यात रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. "हे काय?" ग्रॅहमने विचारलं.

"उशिराचे दाखले," कमलाकरराव म्हणाले. "तिकडे गाडी उशिरा आली तर स्टेशनवाला प्रत्येक प्रवाशाला असा दाखला देतो. किती उशीर, कारण काय, आम्ही दिलगीर आहोत. ऑफिसात दाखवायला. खऱ्यासारखं दिसावं म्हणून दोनशे छापलेत. लागणार एकही नाही."

स्टेशनातल्या घड्याळात साडेसात वाजले.

"एक नंबर, सिग्नल हिरवा, ठीक!" रेखाताई ओरडल्या आणि पहिली लोकल हलली.

पहिली दहा मिनिटं त्यांना काही म्हणता काही दिसलं नाही, फक्त दिवे आणि रूळ. सात तेहतीसची एक्स्प्रेस आली, गेली. लोकल मागून सुटली. पलीकडून कमलाकररावांचा आवाज, "चार नंबर, गाडी आत, ठीक!" आणि लगेच आपला, "पाच नंबर, पॉइंट डावीकडे, ठीक!" गाड्या पाठीमागच्या पडद्याआड जात, वळून पुन्हा येत. सात चव्वेचाळीसला चारही रुळांवर चार गाड्या एकदम उभ्या राहिल्या आणि बघ्यांमधून "ऊऽ" असा आवाज आला. सात पन्नासला रेखाताईंच्या लक्षात आलं की आपण घाबरलेल्या नाही आहोत. आपल्याला मजा येतेय! अंगातून नुसती वीज खेळत होती. पंचवीस वर्षांपूर्वी फार्मसीत फ्लूच्या साथीत रात्रंदिवस औषधं काढली होती, तेव्हा असं झालं होतं. हात आपोआप चालत होते आणि डोकं त्यांच्या दोन पावलं पुढे.

आणि आणखी एक गोष्ट होत होती. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा नवरा त्यांच्या प्रत्येक वाक्याला पूर्ण वाक्याने उत्तर देत होता. "दोन नंबर सुटली!" "दोन नंबर सुटली, कळलं!" "तीनला आत घेते?" "घे, रूळ मोकळा, ठीक!" रेखाताईंना हसू आवरेना. असा संसार आधी का नाही केला आपण?

आठ वाजले. गर्दी एवढी झाली की चहावाल्या बायकासुद्धा खिडकी सोडून आल्या. लोकांना रीत कळली होती, रेखाताई बोट रोखत आणि पहिल्या रांगेतून देविकाच्या पाठोपाठ दहा-बारा जण त्यांच्याबरोबर ओरडत, "ठीक!" इंग्रजांच्या तोंडून ते "टीक" असं येई. कानामागून आली आणि तिखट झाली, असा चेहरा करून कमलाकरराव बायकोकडे एकदा बघून घेत आणि पुन्हा आपल्या बटणांवर वाकत. आठ बारापर्यंत बेचाळीस गाड्या झाल्या होत्या. सगळ्या वेळेवर.

आठ तेराला दोन नंबरवरून एक्स्प्रेस सुटली. आता आठ चौदा, लोकल, एक नंबर. त्याच सेकंदाला पलीकडे तीन नंबरवरून न थांबणारी लांबची गाडी, बारा डब्यांची, पूर्ण वेगात जायची होती. तासातला सगळ्यात मोठा क्षण. सगळ्या माना तिकडे वळल्या. ग्रॅहमचीसुद्धा.

एक नंबरचा सिग्नल नीट दिसावा म्हणून रेखाताई जराशा वाकल्या. आणि त्यांना ती दिसली.

जिन्यामागे, फलाटावरच्या घड्याळाखाली, एक बाई उभी होती. बघ्यांच्या बाजूने ती कधीच दिसली नसती. जिन्याची भिंत आड येत होती. फक्त या खुर्चीतून, आणि तेही वाकल्यावरच दिसत होती. ती रेखाताईंनी रंगवलेली नव्हती. रंग जाड बसला होता, हात कच्चा होता, एक डोळा गालावर ओघळला होता. हातात बॅग, कडेला एक चिमुकली मुलगी. अंगात निळा कोट, गुडघ्यापर्यंतचा. बटणांचे तीन ठिपके त्या बाईच्या मानाने फारच मोठे काढले होते.

बारा डब्यांची गाडी धडधडत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेखाताईंचं बोट हवेतच राहिलं.

एक, दोन, तीन सेकंद. पाच. दहा. कमलाकरराव "एक नंबर सुटली" या शब्दांची वाट बघत होते. ते आले नाहीत तशी त्यांनी मान वर केली. बायको सिग्नलकडे बघत नव्हती. ती कुठे बघतेय ते त्यांना कळलं. आता हे भडकणार, रेखाताईंना वाटलं, सगळ्यांसमोर भडकणार, आणि चूक माझीच आहे.

"रेखा," कमलाकरराव हळू म्हणाले. चारचौघांत ते त्यांना कधी नावाने हाक मारत नसत. "सिग्नल हिरवा आहे."

"एक नंबर, सिग्नल हिरवा," रेखाताई म्हणाल्या. "ठीक." आणि लोकल हलली, वीस सेकंद उशिरा.

रडायला वेळ नव्हता. आठ पंधराची गाडी दारात होती. रेखाताईंनी मोज्याच्या पाठीने डोळे पुसले आणि दात-ओठ खाऊन कामाला लागल्या. पुढची लोकल फलाटावर पन्नास सेकंद थांबायची, ती त्यांनी तिसाव्या सेकंदाला सोडायची तयारी ठेवली. पाच नंबरवाली दोन डब्यांची गाडी आधी काढून रूळ मोकळा केला. "काय करतेयस?" कमलाकरराव ओरडले. "भरून काढतेय!" त्याही ओरडल्या. आठ एकवीसला सगळ्या गाड्या पुन्हा आपापल्या सेकंदाला आल्या. आठ एकोणतीस, सत्तावन्नावी. आठ तीस. "चार नंबर, शेवटची गाडी, सिग्नल हिरवा," कमलाकररावांनी बोट रोखलं, आणि अख्खा हॉल ओरडला, "टीक!"

टाळ्या थांबेचनात. देविका आईच्या गळ्यात पडली. बॅरीने लांबून टोपी काढली. ग्रॅहमने वेळापत्रकावर शेवटची खूण केली, स्टॉपवॉच बंद केलं आणि पुढे येऊन हात पुढे केला. "अठ्ठावन्न," तो म्हणाला. "माझ्या कागदावर एकही उशीर नाही. जागा तुझी, कमल."

त्याने आठ चौदा बघितलीच नव्हती. तो बारा डब्यांची गाडी बघत होता. कुणीच बघितली नव्हती.

रेखाताईंनी नवऱ्याकडे बघितलं. काही न बोलता एक हात मिळवला असता की झालं होतं. स्टेशन वाचलं होतं, करवत गॅरेजात गंजली असती. आणि चूक कबूल करायची या माणसाला सवय तरी कुठे होती?

कमलाकररावांनी ग्रॅहमचा हात धरला नाही. टेबलावरचा माइक उचलला, ताठ उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "प्रवासी हो, लक्ष द्या. आठ चौदाची एक नंबरची लोकल वीस सेकंद उशिरा सुटली. चूक ऑपरेटरची नाही. चूक माझी आहे, जुनी आहे. तोरिगासे स्टेशन आपली माफी मागतं." आणि कमरेत वाकले. वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

रेखाताई त्या वाकलेल्या पाठीकडे बघत होत्या. केलं की हो या माणसाने हे! स्टेशन घालवलं, पण केलं!

मग रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "ते दाखले मिळतात का हो मग?"

कमलाकररावांनी रबर काढला. एकेका चिठ्ठीवर "८:१४, वीस सेकंद" लिहून, दोन्ही हातांनी, मान झुकवून ते द्यायला लागले. लोक रांग लावून घ्यायला लागले. रांग चहाच्या खिडकीपर्यंत गेली, तिथून दाराबाहेर. सगळ्यात शेवटी ग्रॅहम उभा होता. त्याने आपला दाखला घेतला, चष्मा लावून वाचला आणि बॅरीला दिला. दोघं काहीतरी कुजबुजले.

"नियमाप्रमाणे जागा बॅरीची," ग्रॅहम म्हणाला. "बॅरी म्हणतो, त्याची खाण अर्ध्या जागेत मावते. उरलेल्यात सोळा फूट बसतं का, ते बघावं लागेल."

"बसतं," रेखाताई म्हणाल्या. "मी मापलंय. भिंतीला लावलं तर बसतं." खोली त्यांनी महिन्यापूर्वीच गुपचूप जाऊन मापली होती.

कमलाकरराव खुर्चीवर बसले, गठ्ठ्यातली एक चिठ्ठी काढली आणि मान खाली घालून काहीतरी लिहीत राहिले. मग उठून रेखाताईंसमोर आले आणि ती दोन्ही हातांनी पुढे केली.

रेखाताईंनी चष्मा नाकावर ओढला. पांढऱ्या मोज्याचं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि फार्मसीत वाचायच्या तसं मोठ्याने वाचलं.

"नाव, रेखा आगाशे. स्टेशन, तोरिगासे. उशीर, सदतीस वर्षं. कारण, नवऱ्याची चूक." छापील ओळ खोडून खाली हाताने लिहिलं होतं. त्यांनी बोट तिथे सरकवलं आणि वाचलं. "माफ कर."

"बरोबर आहे ना?" कमलाकररावांनी विचारलं.

"तारीख नाही," रेखाताई म्हणाल्या. "तारखेशिवाय मी काही पास करत नाही."

"तारीख तू घाल."

"पुढचा महिना. जपानला जायचं."

"अगं, पुढच्या महिन्यात घर बदलायचंय. पाच तारखेला..."

"पुढच्या महिन्यात बघू, असं तुम्हीच म्हणाला होतात," रेखाताई म्हणाल्या. त्यांनी त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि लिहिलं, चौदा एप्रिल. "आणि कोट तुम्ही घ्यायचा. निळा."

कमलाकररावांनी चिठ्ठीकडे बघितलं. मग हात लांब केला, बोट रोखलं आणि इतक्या मोठ्याने ओरडले की चहावाल्या बायकांनी कप खाली ठेवले.

"चौदा एप्रिल, दोन माणसं, ठीक!"